बाप्तिस्म्याचे धर्मपिता दृढीकरणाला चालत नाहीत?

दृढीकरण (कन्फर्मेशन) म्हणजे बाप्तिस्म्यानंतर तेलाच्या अभिषेकाने होणारा कॅथलिक चर्चचा संस्कार. त्याच्या तयारीचे वर्ग सुरू झाले की पालकांच्या मोबाइलवर एक संदेश हमखास येऊन पोहोचतो. त्यातील दावे असे: बाप्तिस्म्याच्या धर्मपित्याला (गॉडफादर) किंवा धर्ममातेला (गॉडमदर) दृढीकरणात पुन्हा स्पॉन्सर, म्हणजे उमेदवाराच्या पाठीशी उभी राहणारी व्यक्ती, होता येत नाही, मुलाला पुरुष आणि मुलीला स्त्रीच स्पॉन्सर लागते, स्पॉन्सर विवाहित असावा, कोणीच न मिळाल्यास आई किंवा वडील स्पॉन्सर होऊ शकतात, आणि स्पॉन्सरविना झालेले दृढीकरण ग्राह्य नसते. यांतील पहिल्या दोन दाव्यांना एके काळी आधार होता, म्हणूनच ते इतके चिवट ठरले आहेत. बाकीच्या तिहींना तोही नाही.

१९१७ च्या कॅनन लॉ संहितेत, म्हणजे कॅथलिक चर्चच्या कायद्याच्या संहितेत, खरोखरच असा नियम होता की, वाजवी कारण नसेल तर दृढीकरणाचा स्पॉन्सर हा बाप्तिस्म्याच्या स्पॉन्सरहून वेगळा असावा. १९८३ च्या संहितेने तो नुसता शिथिल केला नाही, तर उलटा फिरवला. कलम ८९३ सांगते की ज्या व्यक्तीने बाप्तिस्म्याच्या वेळी ही भूमिका पार पाडली, तिचीच दृढीकरणासाठी निवड होणे इष्ट आहे. यामागचे कारण विधीतच दिसते. तेलाचा अभिषेक होण्यापूर्वी उमेदवार बाप्तिस्म्याच्या वचनांचा स्वतःच्या तोंडाने पुनरुच्चार करतो. तान्हेपणी ती वचने त्याच्या वतीने आईवडिलांनी आणि धर्मपित्याने उच्चारलेली असतात. तोच माणूस आज त्याच्या पाठीशी उभा असला, तर दोन संस्कारांमधला धागा समजावून सांगावा लागत नाही. मात्र ‘इष्ट’ म्हणजे ‘सक्तीचे’ नव्हे. धर्मपित्याचा संपर्क तुटला असेल किंवा तो श्रद्धेपासून दूर गेला असेल, तर दुसरी व्यक्ती अवश्य निवडावी.

स्त्री-पुरुषाची अटही त्याच जुन्या संहितेतली. आजच्या संहितेत ती नाही.

विवाहाची अट कोठून आली, हे मला उमगलेले नाही. कलम ८७४ मधील अटी दृढीकरणालाही लागू आहेत आणि त्यांत विवाहाचा उल्लेख नाही. वयाची सोळा वर्षे पूर्ण झालेली असावीत, आणि त्यातही बिशप वेगळे वय ठरवू शकतात किंवा योग्य कारणासाठी धर्मगुरू सवलत देऊ शकतात. व्यक्ती कॅथलिक असावी, तिचे दृढीकरण झालेले असावे, तिने ख्रिस्तप्रसाद (कम्युनियन) स्वीकारलेला असावा, तिचे जगणे श्रद्धेला आणि या जबाबदारीला साजेसे असावे, आणि तिच्यावर चर्चच्या कायद्यानुसार कोणतीही शिक्षा लागू नसावी. प्रत्यक्षात अडचण येते ती बहुधा वेगळ्याच जागी: घरातील सर्वांच्या आदरातील काका पुढे होतात आणि ऐन वेळी कळते की त्यांचे स्वतःचे दृढीकरण राहूनच गेले होते. अनेक ठिकाणी दाखला मागतात तो याचसाठी.

आईवडिलांविषयीचा दावा सर्वांत फसवा आहे. कलम ८७४ त्यांना स्पॉन्सर होण्यास स्पष्ट मनाई करते. गोंधळ बहुधा १९७१ च्या सुधारित विधीमुळे होतो, कारण पालक आपल्या मुलाला बिशपांसमोर सादर करू शकतात असे त्यात म्हटले आहे. पण सादर करणे वेगळे आणि स्पॉन्सर होणे वेगळे. आईवडिलांची जबाबदारी मुलाच्या जन्मापासूनची आहे. स्पॉन्सर हा त्यांच्या जोडीला लाभणारा आणखी एक आधार आहे, त्यांचा पर्याय नव्हे.

राहिला ग्राह्यतेचा प्रश्न. कलम ८९२ म्हणते की स्पॉन्सर ‘शक्य असेल तेथवर’ असावा. स्पॉन्सर आपला उजवा हात उमेदवाराच्या खांद्यावर ठेवतो, बिशप क्रिझम या पवित्र तेलात अंगठा बुडवून कपाळावर क्रूसाची खूण करतात आणि विहित शब्द उच्चारतात. संस्कार घडतो तो त्या अभिषेकाने आणि त्या शब्दांनी. खांद्यावरचा हात अर्थपूर्ण असला, तरी संस्काराची ग्राह्यता त्यावर टेकलेली नाही. स्पॉन्सरचे खरे काम त्या दिवसानंतर सुरू होते. ज्याच्या खांद्यावर त्याने हात ठेवला, तो ख्रिस्ताचा साक्षीदार म्हणून जगतो आहे ना, याकडे लक्ष देणे ही त्याची जबाबदारी त्याच कलमात लिहिलेली आहे. संदेशात तिचा उल्लेख नाही. स्पॉन्सरने कोणती भेटवस्तू द्यावी, याची यादी मात्र आहे.

एक गोष्ट त्या संदेशाने विचारातच घेतलेली नाही. उमेदवार समजत्या वयाचा असेल, तर स्पॉन्सर कोण असावा हे त्याला स्वतःला सांगता येते, आणि पुष्कळ घरांत नेमके त्यालाच कोणी विचारत नाही.