अंतरा, छाया आणि तांबी: फिरणाऱ्या मेसेजबद्दल खुलासा

कोल्हापुरातल्या महिलांच्या ग्रुपवर मेसेज फिरतोय: ‘बाळंतपणानंतर अंतरा, छाया, तांबी काहीही घ्या, हार्मोनमुळे पंधरा किलो वजन वाढतं, डोकं फिरतं.’

ही तिन्ही गर्भनिरोधक साधनं. तांबीत आणि छायात हार्मोन नसतोच. तांबी गर्भाशयात बसवतात, ती तांब्यामुळे काम करते. छाया ही गोळी, तिच्यात ३० मिलिग्रॅम सेंटक्रोमन हे औषध असतं. पहिले ३ महिने आठवड्यातून दोनदा, मग एकदा.

अंतरा हे हार्मोनचं इंजेक्शन, दर ३ महिन्यांनी. त्यानं वजन वाढू शकतं हे खरं आहे, ते लपवायला नको. सरासरी वर्षाला १-२ किलो, काहींचं जास्त. म्हणून पहिल्या डोसाच्या दिवशी वजन कार्डावर लिहून घ्या. ६० किलोची बाई ६ महिन्यांत ६३ च्या पुढे गेली, तर पुढेही वाढण्याची शक्यता जास्त. तेव्हा साधन बदलण्याबद्दल विचारा. डिंकाचे लाडू आणि तुपाचा खुराकही हिशेबात धरा.

मनाचं जरा गुंतागुंतीचं आहे. अंगावर पाजणाऱ्या आईला अंतरा ६ आठवड्यांनंतर देतात, आणि बाळंतपणानंतरचं नैराश्यही याच सुमारास दिसू लागतं. काहींना इंजेक्शननंतर मूड बदलतो, हेही खरं. दिलेलं औषध काढून घेता येत नाही, म्हणून आधी नैराश्य आलं असेल तर डोसाआधीच सांगा. रडू, झोप उडणं, बाळाबद्दल काहीच न वाटणं दोन आठवडे टिकलं, तर सीपीआर रुग्णालयात दाखवा किंवा १४४१६ या मानसिक आरोग्य हेल्पलाइनवर फोन करा. जिवाचं बरंवाईट करण्याचा विचार आला तर एक दिवसही थांबू नका.

तो मेसेज कृपया पुढे पाठवू नका. भीतीनं डोस चुकवला की नको असताना दिवस राहतात.