‘सम्राटाचं नाव पुरे’ या प्रतिक्रियेला उत्तर

तुमचं म्हणणं असं की एका सॉलिडसबद्दल, म्हणजे बायझंटाइन (पूर्व रोमन) साम्राज्याच्या एका सोन्याच्या नाण्याबद्दल, एवढं लिहायची गरज नाही. सम्राटाचं नाव आणि ‘सोनं’ लिहिलं की झालं. शिवाय बायझंटाइन चेहरे सगळे सारखेच, त्यात बघण्यासारखं काय?

चेहऱ्यांबद्दल तर मला तुमचं अजिबात पटत नाही. सम्राट हेराक्लियसचीच नाणी घ्या. 610 मध्ये तो गादीवर आला तेव्हा नाण्यावर एकटाच दिसतो, दाढी आखूड. 613 मध्ये मुलाला सहसम्राट केल्यावर शेजारी त्या पोराचा चिमुकला चेहरा येतो आणि पुढच्या नाण्यांवर मोठा होत जातो. 629 च्या सुमारास बापाची दाढी छातीपर्यंत उतरते, मिशाही भरघोस होतात. 632 पासून बाप आणि दोन मुलं असे तिघं उभे दिसतात. त्यातला धाकटा हेराक्लोनस आधी बुटका आणि बिनमुकुटाचा, 638 मध्ये त्यालाही सहसम्राट केलं की मुकुटासह. या सोन्याच्या नाण्यांवर सन कोरलेला नसतो. दाढी आणि मुकुट बघूनच काळ ठरवावा लागतो. नुसतं ‘हेराक्लियस, सोनं’ लिहिलं तर ही एकतीस वर्षं एका ओळीत गडप होतात.

वजनाचंही तसंच. रोमन पौंडाला 72 नाणी हा सम्राट कॉन्स्टंटाइनपासूनचा हिशेब, म्हणजे नाणं साधारण साडेचार ग्रॅमचं. आता पावणेचार ग्रॅमचं नाणं हाती आलं तर ते कातरलेलंच असणार, असं कुणालाही वाटेल. पण आधी कड बघा, अक्षरं पुरी आहेत का बघा. मग मागच्या बाजूला क्रूसाखाली किंवा देवदूताच्या पायाखाली काय लिहिलंय ते वाचा. तिथं नेहमीच्या ‘कोनॉब’ (CONOB, म्हणजे कॉन्स्टँटिनोपलचं शुद्ध सोनं) या अक्षरांऐवजी ‘ओब’ (OB) आणि पुढे रोमन वीस (XX) असेल, तर ते चोवीसऐवजी वीस कॅरट वजनाचं (इथं कॅरट हे वजनाचं माप, शुद्धतेचं नव्हे) म्हणूनच पाडलेलं हलकं सॉलिडस आहे. सम्राट जस्टिनियनच्या काळापासून अशी नाणी निघत होती. वजन आणि अक्षरं, दोन्ही नोंदवल्याशिवाय हा फरक कळत नाही.

नुसतं ‘सोनं’ लिहिणंही पुरेसं नाही, कारण ‘जुनं म्हणजे शुद्ध’ हे सरसकट खरं नाही. अकराव्या शतकात सोन्यात इतकी भेसळ झाली की 1092 मध्ये सम्राट अलेक्सियसला हायपरपायरॉन हे नवं नाणं काढावं लागलं.

भोकं पडलेल्या नाण्यांचं वर्णन ‘दोष’ म्हणून उरकावं, ही तुमची सूचना मी मानणार नाही. दक्षिण भारतात सापडलेल्या अनेक सॉलिडसना चेहऱ्याच्या वर दोन भोकं आहेत. कुणीतरी ती दागिना म्हणून गळ्यात घातली होती. भोकं कुठं आहेत, किती आहेत, कोणत्या बाजूनं पाडली, हे मी पुढेही लिहीनच.