भूमितीच्या पेपरची जादा 40 मिनिटं

अध्ययन अक्षमता असलेल्या, म्हणजे वाचन, लेखन किंवा गणितात अडखळणाऱ्या मुलांना दहावीला सवलती मिळतात. त्यावर आज सकाळपासून पालकांच्या एका व्हॉट्सॲप ग्रुपवर मेसेज फिरतोय. "सर्टिफिकेट काढा, जादा वेळ घ्या, रायटर बसवा, मार्क खिशात घाला. आमच्या पोरांनी काय घोडं मारलंय?" खाली अंगठ्यांची रांग.

या अंगठेवाल्यांनी एकदाच, पेनाला हात न लावता, दुसऱ्याकडून भूमितीची रचना काढून घेऊन दाखवावी.

जानेवारीतली सराव परीक्षा. मराठी माध्यमातला दहावीचा असाच एक मुलगा, शेजारी तो सांगेल ते लिहिणारा नववीतला लेखनिक. प्रश्न नेहमीचाच: 3.4 सेमी त्रिज्येचं वर्तुळ काढा, त्यावरच्या एका बिंदूतून स्पर्शिका काढा. मुलाला रचना पाठ आहे. लेखनिकाला ती अजून शिकवलेलीच नाही, कारण लेखनिक खालच्या इयत्तेतलाच लागतो. मुलगा सांगतो, "केंद्र पी. वर्तुळावर एम. पी पासून एम मधून बाहेर जाणारा किरण काढ. आता एम वर टोक ठेवून किरणावर दोन्हीकडे सारख्या अंतरावर कंस मार." मारले. "आता कंपास अजून उघड." हे नेमकं ऐकू गेलं नाही. त्याच अंतराने पुढचे कंस मारले, ते एम वरच टेकले. खोडा. दुसऱ्या खेपेला कंपासचा स्क्रू ढिला, एका कंसावरून दुसऱ्यावर जाताना अंतर हललं, स्पर्शिका तिरकी. पुन्हा खोडा. एका स्पर्शिकेला अकरा मिनिटं गेली.

तासाला 20 मिनिटं जादा, असा हिशोब आहे. दोन तासांच्या भूमितीला 40, तीन तासांच्या मराठीला 60. ऐकायला चैन वाटते. आता त्यातून सांगण्याचा वेळ वजा करा, लिहून होईपर्यंत थांबण्याचा वजा करा, वाचून घेण्याचा वजा करा. आणि थांबता थांबता डोक्यातलं पुढचं वाक्य निसटतं, ते कुठे धरणार?

डिस्लेक्सिया, म्हणजे वाचनातली अध्ययन अक्षमता. त्यावरचं दुसरं पालुपद तर डोक्यात जातं: "डिस्लेक्सिया इंग्रजीवाल्यांना होतो, मराठी काय, बोलतो तशीच लिहायची." असं? मग 'किती' लिहा. तोंडातून क आधी निघतो, इ मागून. कागदावर वेलांटी आधी काढावी लागते. 'सूर्य' म्हणताना र आधी, य नंतर. लिहिताना य आधी आणि र त्याच्या डोक्यावर. घ आणि ध, भ आणि म यांच्यात शिरोरेषेच्या तुकड्याचा फरक. अशा मुलाला घरी, शाळेत एकच बिरुद मिळतं. आळशी.

हो, खोटी सर्टिफिकेटं निघतात. दहावीचे फॉर्म भरायच्या महिन्यात अचानक जाग येणारे पालकही असतात. मान्य. पुढे?

खरं सर्टिफिकेट कसं निघतं ते तरी बघा. आधी डोळे आणि कान तपासतात, कारण चष्म्याचा नंबर किंवा कमी ऐकू येणं हेच कारण असू शकतं. मग बुद्ध्यांक. मग वाचन, लेखन, गणिताच्या चाचण्या. फेऱ्यांवर फेऱ्या, आणि रोजंदारी बुडते ती वेगळीच. मराठीत प्रमाणित चाचण्याही मोजक्याच. 'डाली' नावाची आहे, ती पहिली ते पाचवीपुरती. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात अध्ययन अक्षमता आली, त्याच्या नियमांनुसार मुलाच्या वयाला आठ वर्षं झाल्यावर प्रमाणपत्र मिळतं, पण 14 व्या आणि 18 व्या वर्षी पुन्हा तपासणी करावी लागते. इथेच पालक फसतात. चौथीतलं प्रमाणपत्र लॅमिनेट करून कपाटात ठेवलेलं असतं आणि दहावीत कळतं की मधली तपासणी राहिलीच. आठवी-नववीतच उरकून घ्या.

महाराष्ट्रात दहावीला या सवलती 1996 पासून आहेत. तरी प्रत्येक केंद्रावर पहिल्या दिवशी समजावण्यात वेळ जातोच. 2021 मध्ये मुंबईतल्या एका डिसग्राफिया (लेखनातली अक्षमता) असलेल्या मुलीची नीटची, म्हणजे वैद्यकीय प्रवेश परीक्षेची, उत्तरपत्रिका हक्काचा तास न देताच काढून घेतली. प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं. चूक परीक्षा घेणाऱ्या एनटीए या संस्थेची, असं कोर्टाने म्हटलं, पण परीक्षा पुन्हा घ्यायला लावली नाही. तिचा तो तास काही परत आला नाही.

पर्यवेक्षकांवर तरी किती चिडायचं? त्यांच्या हातात एक परिपत्रक असतं आणि वर्गात बाकीची पोरं. मंजुरीच्या पत्राची प्रत मुलाकडे, शाळेकडे आणि केंद्रसंचालकाकडे असू द्या, आणि पेपरच्या आदल्या दिवशी जाऊन बोलून या. यातच निम्मा घोळ मिटतो.

उरलेला घोळ घरचा असतो. लेखनिक दिवाळीपासून ठरवा, परीक्षेच्या आदल्या आठवड्यात नाही. वर्गातला पहिला नंबर शोधू नका, तो न सांगता चुका सुधारायला जातो आणि मग दोघेही अडकतात. अक्षर सुवाच्य आणि स्वभाव शांत असला की झालं. मुलाला सांगायची सवय लावा: आधी प्रश्नाचा क्रमांक, मग "नवी ओळ", मग वाक्य, आणि पूर्णविरामसुद्धा तोंडाने. आकृती सांगताना अंतर आधी, कृती नंतर: "कंपास चार सेमी उघड," मग "टोक इथे ठेव." किमान सहा पेपर घड्याळ लावून.

तो भूमितीवाला मुलगा तिसऱ्या सराव पेपरला स्क्रू आवळलेला स्वतःचा कंपास घेऊन आला. स्पर्शिका चार मिनिटांत झाली आणि शेवटी नऊ मिनिटं उरली. त्या वेळात त्याने लेखनिकाकडून सगळी उत्तरपत्रिका हळू आवाजात वाचून घेतली. तिसऱ्या प्रश्नात तो एकदम म्हणाला, "थांब. जीवा सांगितलं होतं मी. तू त्रिज्या लिहिलंयस."