अप्पांची शुगर

"अप्पांची शुगर आज सकाळी ३१८ आली," असं मी फोनवर बोलत होतो. फोन खाली ठेवला तर शेजारच्या टेबलावरचा सहकारी खुर्ची ओढून जवळ आलेला.

"वय काय अप्पांचं?"

"अकरा."

त्यानंतर आठवडाभर ऑफिसातले लोक माझ्याशी फार हळू आवाजात बोलत होते.

अप्पा हे आमचे बोके. पिल्लू असतानाच त्यांच्या तोंडावर निवृत्त हेडमास्तरांचा भाव होता, म्हणून हे नाव, आणि नाव असं पडल्यावर एकेरीत हाक मारायचा धीर कुणाला झाला नाही. गेल्या वर्षी अप्पा एकाएकी पाणी फार पिऊ लागले. वाडगं भरून ठेवावं आणि पाठ वळेपर्यंत ते रिकामं. वाळूच्या ट्रेमधली ढेकळं लिंबाएवढी होती ती पेरूएवढी झाली. जेवण दुप्पट, तरी पाठीवरून हात फिरवला की कण्याचे मणके मोजता यायचे. मागचे पाय तर घोट्यापर्यंत जमिनीला टेकवून चालायला लागले, सपाता घातल्यासारखे. मी म्हटलं, वय झालं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "मधुमेह झालाय."

यातला खरा अन्याय मला नंतर कळला. मांजराला गोड चवच लागत नाही. गोडाची चव ओळखायला जिभेला जे जनुक लागतं, ते मांजरांत निकामी झालेलं आहे. २००५ साली संशोधकांनी हे दाखवून दिलं. म्हणजे जन्मात कधी गोडाची मजा न घेता गोडाचा रोग. आमच्या आईला मधुमेह आहे, पण तिने निदान त्याआधी आयुष्य उपभोगलं आहे.

दवाखान्यात अप्पांची शुगर ४२० आली. चारशेवीस! तो आकडा खरोखरच लबाड निघाला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, मांजर घाबरलं की साखर अशी उसळते. पिंजरा, गाडी, शेजारी भुंकणारा कुत्रा, एवढं पुरतं. खरा आकडा हवा असेल तर घरी मोजा. हे त्यांनी इतक्या सहज सांगितलं, की मीही सहज "बरं" म्हणून बसलो.

मोजायचं ते कानातून. कानाच्या कडेने एक बारीक शीर जाते. ती आणि कडा यांच्या मधल्या चिंचोळ्या पट्टीत सुई टोचायची. आधी कान गरम करायचा, म्हणजे रक्त उतरतं. कडेला व्हॅसलिनचं बोट ओझरतं फिरवायचं, म्हणजे थेंब केसांत पसरत नाही, टपोरा राहतो. मागून कापसाचा बोळा धरायचा, म्हणजे सुई कानाच्या पलीकडे निघून आपल्या बोटात जात नाही. हे सगळं करून पहिला थेंब मोत्यासारखा उभा राहिला, आणि मी यंत्राची पट्टी त्याच्याजवळ नेणार तोच अप्पांनी मान झटकली. थेंब माझ्या चष्म्यावर. पट्टी काचेलाच लावून बघावी असा विचार क्षणभर आला, लपवत नाही.

सुरुवातीला मी आईचंच यंत्र वापरलं. आकडे बरे येत होते, म्हणून मी खुशीत होतो. मग कळलं की माणसाचं यंत्र मांजराची साखर आहे त्याहून कमी दाखवतं. मांजराच्या रक्तात साखर पेशींत किती आणि बाहेरच्या द्रवात किती, हा हिशेब आपल्यापेक्षा वेगळा असतो. तोवर आईच्या पट्ट्यांची आख्खी डबी अप्पांनी संपवली होती. "माझी शुगर शेवटची कधी बघितलीस रे?" आईने विचारलं. मी म्हटलं, "आई, जरा थांब, अप्पांची दोनची वेळ झालीय."

इन्सुलिन दर बारा तासांनी. अप्पांचा डोस एक युनिट, म्हणजे एका मिलिलिटरचा शंभरावा भाग. सुईच्या टोकाला हवेचा बुडबुडा असला तर डोस किती आणि हवा किती, हे बघायला भिंग लागतं. मानेमागची कातडी चिमटीत धरून तंबू करायचा आणि त्यात सुई सारायची. पहिल्या आठवड्यात दोनदा माझी सुई तंबूच्या या दारातून शिरून त्या दारातून बाहेर पडली. अप्पांच्या केसांना औषधी वास आणि माझ्या तोंडाला कोरड. अशा वेळी किती आत गेलं हे कळत नाही, म्हणून पुन्हा टोचायचं नाही, हा नियम. साखर जरा चढलेली चालते, एकदम घसरलेली जिवावर बेतते. मग पुढचे बारा तास अप्पा शांत झोपतात आणि मी त्यांच्याकडे बघत बसतो.

मग आली वही. वेळ, आकडा, डोस, किती खाल्लं आणि शेवटी 'शेरा'. हा रकाना घातक निघाला. एका रविवारी सकाळी सातपासून दर दोन तासांनी मोजलं: ३१८, २६४, १७१, ९८, १४३, २४०, ३०५. काय देखणी कमान! पुस्तकात छापावी अशी. पुढच्या रविवारी तोच डोस, तेच अन्न, तेच वजन करून वाढलेलं, तीच माझी लुंगी. आकडे: २९०, ३५१, ३४०, ३२६, १८८, ३७२, २११. मी शेऱ्याच्या रकान्यात कारणं शोधू लागलो. 'शेजारी ड्रिल चालू.' 'पालीकडे पंधरा मिनिटं टक लावून.' 'नवीन पायपुसणं, नापसंत.' एकदा मी चक्क 'अमावास्या' लिहिलं आणि मग खोडलं. आईने खोडलेलंही वाचलं.

एका संध्याकाळी एकाच कानातून एका मिनिटाच्या अंतराने दोन थेंब घेतले. एक २३१, दुसरा २६८. म्हणजे मी ज्या आकड्यांवर डोकेफोड करत होतो, तेच मुळात अंदाजपंचे. माणसांच्या यंत्रालासुद्धा पंधरा टक्के इकडेतिकडे व्हायची रीतसर मुभा असते. अशी मुभा मला कुठे असती, तर मी कुठल्या कुठे गेलो असतो.

वही घेऊन डॉक्टरीणबाईंकडे गेलो. पानं रंगीत पेनांनी भरलेली. त्यांनी ती उलटून पाहिली, शेऱ्याशी थोडं रेंगाळल्या. एक आकडा धरून बसू नका म्हणाल्या. कातडीखालून औषध रोज सारखं शोषलं जात नाही, ताण असतो, हिरड्या दुखत असतात. गेल्या एकदोन आठवड्यांची सरासरी कळायला फ्रुक्टोसामिन नावाची तपासणी केली. काही मांजरांचं इन्सुलिन पुढे सुटतंही, असं त्या जाता जाता बोलल्या. ते वाक्य मी वहीत लाल पेनाने लिहून ठेवलं.

घाबरलो ते एकदाच. रात्री अडीचला अप्पा पाण्याकडे निघाले आणि दारूड्यासारखे एका बाजूला झुकले. हाक मारली, तर भलतीकडेच बघितलं. आकडा ४६. मधाची बाटली उघडेपर्यंत हात असे कापत होते, की निम्मा मध ओट्यावर. तोंडात ओतायचा नसतो, ठसका लागतो. बोटाने हिरड्यांवर चोळायचा. मी चोळत होतो आणि आई बॅटरी धरून उभी होती. दहा मिनिटांनी अप्पांनी मान वर केली आणि, हा कोण माणूस माझ्या तोंडात डिंक लावतोय, अशा नजरेने माझ्याकडे पाहिलं. त्यांना गोड कुठे लागतं! मग उठून जेवले. डॉक्टरीणबाईंना फोन केला, पुढचा डोस रद्द झाला, सकाळी तपासून नंतर अर्ध्या युनिटवर आलो. अर्धं युनिट! सिरिंजवर ती रेघ आहे असं ज्यांनी छापलंय त्यांचं म्हणणं.

सकाळी सातला अप्पा ३८०. खिडकीत बसून पंजा चाटत होते. मी आणि आई ओट्याला टेकून उभे, दोघांचेही डोळे तारवटलेले.

"आता तरी माझी बघ रे," आई म्हणाली. "रात्रभर उभी आहे, मलाच गरगरतंय."

मला अगदी मेल्याहून मेल्यासारखं झालं. पट्ट्यांची नवी डबी फोडली, तिचं यंत्र काढलं, सुई बसवली. तिला खुर्चीत बसवलं, रुमाल गरम पाण्यात बुडवून पिळला आणि फार हळुवारपणे तिचा उजवा कान धरला.

"अरे मेल्या," आई म्हणाली, "बोट!"