टॉवर कसा बघावा

इंदुरात राहता आणि अजून एकाही टॉवरच्या बांधकामाला हजेरी लावलेली नाही? मग निदान चारचौघांत तरी बोलू नका. लोक समजतील, हे रामबागेच्या बाहेर कधी पडलेच नाहीत.

बायपासला निघा नाहीतर सुपर कॉरिडॉरला, पिवळी क्रेन दिसली की गाडी बाजूला घ्या. टॉवर कोणाचा, आत कोण राहणार, भाव काय, याच्याशी आपल्याला कर्तव्य नाही. आपण बघे. मान मागे टाकायची, उन्हासाठी डोळ्यांवर हात धरायचा आणि "क्या बात है भिया" म्हणायचं. मजले मोजताना पोडियम आणि पार्किंगसुद्धा धरावेत, आणि घरी सांगताना वर दोन चढवावेत. समोरचा दोन उतरवूनच ऐकतो. नॅशनल बिल्डिंग कोडचं मत मात्र घेऊ नका, तो फार अरसिक आहे. 15 मीटर झाली की त्याच्या लेखी इमारत उंच. आपल्या होळकरांच्या राजवाड्याचं सात मजल्यांवर किती कौतुक झालं! खालचे तीन दगडी, वरचे चार लाकडी. आता तेवढ्यात जेमतेम गाड्या मावतात. 1984 साली तो जळला होता, हे खरंय, पण टॉवरखाली उभं राहून अग्निशमनाची शिडी कितव्या मजल्यापर्यंत पोचते, असं विचारणं शिष्टाचाराला धरून नाही.

खरे दर्दी खड्डा असतानाच येतात. माळव्याची काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आक्रसून भेगाळते, म्हणून तिच्यावर पाया ठेवत नाहीत. ती सगळी उपसून खाली मुरूम आणि कातळ लागेपर्यंत जावं लागतं. हे तुम्ही शेजारच्याला समजावून सांगू शकता, उगाच इंजिनिअर असल्यासारखं वाटतं. फक्त "या मातीत काय गहू व्हायचा!" असा उसासा टाकायच्या आधी जरा आजूबाजूला बघा. जमीन विकणारा तिथेच फॉर्च्युनरला टेकून, तुमच्यासारखाच मान वर करून उभा असतो.

फोटो काढा, पण खालचा भाग कापा. तिथे पत्र्याच्या खोल्या येतात, सळईला बांधलेल्या साडीच्या झोळीत झोपलेलं पोर येतं, आणि त्याची आई विटांच्या चुलीवर रोट्या भाजत असते. स्टेटसला शोभत नाही.

यानंतर सॅम्पल फ्लॅट. घ्यायचा नसला तरी जावं. एसी असतो, कॉफी मिळते, आणि शू-कव्हर घालून फिरताना आपण कोणीतरी आहोत असं वाटतं. आत गेल्यावर पलंग निरखून बघा. बरोबर साडेपाच फुटी माणसाच्या मापाचा, तोही त्याने पाय दुमडले तर. खोल्यांना दारं लावलेलीच नसतात. दार उघडायला जागा लागते आणि जागा दिसायला हवी असते! एक अख्खी भिंत आरशाची, त्यामुळे हॉल दुप्पट आणि तुमच्यासारखी गिऱ्हाइकंही दुप्पट. स्वयंपाकघरात सिलिंडर नाही, मिक्सर नाही, फ्रिजवर बिलं खोचलेली नाहीत. एका काचेच्या बाऊलमध्ये हिरवी सफरचंदं असतात. ती प्लॅस्टिकची आहेत, हात लावू नका.

अशा वेळी बरोबर आत्याला नेऊ नये. आमच्या आत्याने मागे असंच एकदा सगळं शांतपणे बघून घेतलं आणि त्या टाय लावलेल्या पोराला विचारलं, "वाळवणं कुठे घालायची रे?"

"मॅम, लॉन्ड्री सर्विस है ना."

"अरे, पापड!"

पोरगा ब्रोशर चाळू लागला. आत्याचा पुढचा प्रश्न भिंतीत खुंटी ठोकण्याबद्दल होता. हल्ली अ‍ॅल्युमिनियमचे साचे लावून भिंत आणि स्लॅब एकदमच काँक्रीटमध्ये ओततात. काम झपाट्याने होतं, भिंत कातळासारखी होते, खिळा मारला की खिळाच वाकतो. पंचांग लटकवायचं तर ड्रिलवाल्याला बोलवा. आत्या म्हणाली, "चांगलंय. तिथी बदलली की त्यालाच पान उलटायला सांगू."

क्षेत्रफळ विचारायचंच असेल तर सुपर बिल्ट-अपच विचारा, तो आकडा कसा भरल्यासारखा वाटतो. लिफ्ट, लॉबी, जिना, सगळ्यांतला तुमचा वाटा त्यात असतो. 2016 च्या रेरा कायद्याने कार्पेट एरिया, म्हणजे घराच्या आतली वापरायची जागा, सांगणं सक्तीचं केलंय, पण कोणी स्वतःहून सांगेपर्यंत त्यांना अवघडल्यासारखं करू नका.

पाण्याचा विषय तर काढूच नका. "डग-डग रोटी, पग-पग नीर" ही माळव्याची म्हण पावलांच्या हिशेबाने आहे, त्यात मजले धरलेले नाहीत. 1978 पासून हे शहर जलूदहून, म्हणजे सत्तर किलोमीटरवरून, नर्मदा अख्खा विंध्य चढवून आणतं. इतका डोंगर चढून आलेल्या बाईला आणखी पंचवीस मजल्यांचं काय ते ओझं! नाहीच चढली तर मे महिन्यात टँकर येतो. ब्रोशरमधल्या इन्फिनिटी पूलमध्ये जी बाई पाय सोडून बसलीय, तिच्या चेहऱ्यावर काही काळजी दिसते का?

एका ठिकाणी मात्र चुकूनही जाऊ नका: 'अरण्य'. इंदूर विकास प्राधिकरणासाठी वास्तुकार बाळकृष्ण दोशींनी आखलेली ही वस्ती. साडेसहा हजारांच्या आसपास प्लॉट, नमुन्यादाखल 80 घरं, आणि बहुतेकांना मिळाला तो एक चौथरा, संडास, नळ. पुढचं ज्याने त्याने पैसे साठतील तसं बांधायचं: आधी खोली, मग ओटा, पोराच्या लग्नाला वरचा मजला. 1995 मध्ये तिला वास्तुकलेचा आगाखान पुरस्कार मिळाला. आर्किटेक्चरची पोरं वह्या घेऊन कुठून कुठून तिथे येतात. पण तिथे मान वर करावी लागत नाही, क्रेन नाही, ओट्यावरच्या बायका "कोणाकडे आलात?" म्हणून चहा विचारतात. बघायला काय आहे?

तेव्हा आपला टॉवरच बरा. एक दिवस तो पुरा होतो, क्रेन उतरते, पत्र्याच्या खोल्या पुढच्या साइटवर जातात, गेटाला कारंजं लागतं. पहिल्या खड्ड्यापासून हजर असल्याने तुम्हाला वाटतं, एकदा आतून बघून यावं. गेटवरचा गार्ड विचारतो, "किसके यहाँ जाना है?"

आपल्या निष्ठेची कहाणी त्याला सांगत बसू नका, त्याच्या अ‍ॅपमध्ये तो पर्याय नाही. सरळ "डिलिव्हरी" म्हणा. मागच्या बाजूने सर्व्हिस लिफ्ट आहे.