राष्ट्राध्यक्ष व्हायचंय? आधी एक महासत्ता गाठा

तुमच्या देशात युद्ध पेटलंय, तिजोरीत खडखडाट आहे आणि राजधानीच्या वेशीबाहेर तुम्हाला कुत्रंही विचारत नाही? मग तुमचं मनापासून अभिनंदन. राज्य करायला याहून सोयीची परिस्थिती मिळत नसते. आता फक्त एक महासत्ता गाठायची आणि एकदा आत आली की तिला बाहेर पडता येणार नाही एवढं बघायचं. या विद्येची व्हिएतनाम युद्धातल्या सायगावसारखी जुनी घराणीही आहेत, पण नवशिक्याने काबूल घराण्याचीच गायकी धरावी. अफगाणिस्तानचे माजी अध्यक्ष हमीद करझाई यांनी ती तेरा वर्षं गायली, आणि तंबोरा, तबला, तिकिटं, सगळा खर्च अमेरिकेने केला.

सुरुवातीला दिसण्याकडे लक्ष द्या. २००१ च्या अखेरीस अफगाणिस्तानचा कारभारी ठरवायला बैठक भरली ती जर्मनीत, बॉनला. (हसू नका. काबूलमध्ये भरवली असती तर लोकांनी मतं दिली असती.) करझाई तिथे हजरही नव्हते, सॅटेलाइट फोनवरून बोलले. पण डोक्यावर काराकुली टोपी, खांद्यावर चपान नावाचा हिरवा पट्टेरी झगा आणि तोंडात अस्खलित इंग्रजी, एवढ्यावर पाश्चात्त्य जग फिदा झालं. गुच्ची या फॅशन कंपनीच्या मुख्य डिझायनरने तर त्यांना पृथ्वीतलावरचा सर्वांत रुबाबदार पुरुष ठरवून टाकलं. आमच्या शिमल्याच्या विद्यापीठातून राज्यशास्त्रात एमए केलेला माणूस, पण श्रेय गेलं शिंप्याला.

मग निवडणूक. ती घ्यावीच लागते, महासत्तेला तिच्या घरी तोंड दाखवायचं असतं. ऑगस्ट २००९ ची निवडणूक अभ्यासा. जी मतदान केंद्रं उघडलीच नव्हती तिथूनही भरघोस मतं आली. तक्रार आयोगाने करझाईंची जवळजवळ दहा लाख मतं बाद केली आणि ते ४९.६७ टक्क्यांवर घसरले, पहिल्याच फेरीत जिंकायला लागणाऱ्या पन्नाशीला थोडक्यात मुकले. संयुक्त राष्ट्रांचे काबूलमधले उपप्रमुख पीटर गालब्रेथ या घोटाळ्याबद्दल बोंब मारत होते. सप्टेंबर संपता संपता नोकरी गेली. कोणाची म्हणजे? गालब्रेथ यांचीच.

तरी दुसरी फेरी घ्या म्हणून सिनेटर जॉन केरी राजवाड्याच्या बागेत करझाईंबरोबर फेऱ्या मारत बसले. अखेर करझाईंनी मोठ्या मनाने होकार दिला. प्रतिस्पर्धी अब्दुल्ला अब्दुल्ला म्हणाले, निवडणूक आयोगाचा प्रमुख बदला. बदलला नाही. १ नोव्हेंबरला अब्दुल्लांनी माघार घेतली, २ नोव्हेंबरला करझाई विजयी झाले आणि ओबामांचा अभिनंदनाचा फोन आला. त्याच फोनवर भ्रष्टाचार जरा आवरा, असंही सांगून झालं. अशा वेळी 'हो' म्हणावं. 'हो' म्हणायला पैसे पडत नाहीत.

त्याच आठवड्यात अमेरिकेचे राजदूत कार्ल आयकेनबेरी यांनी वॉशिंग्टनला गुप्त तार केली, की हे गृहस्थ भागीदार म्हणून कामाचे नाहीत, जबाबदारी घ्यायला तयार नाहीत. अशी तार तुमच्याबद्दल गेली तर घाबरू नका. १ डिसेंबरला ओबामांनी आणखी तीस हजार सैनिक पाठवायची घोषणा केली. त्यानंतर आठवडाभरात करझाईंनी अमेरिकेच्या संरक्षणमंत्र्यांना शेजारी उभं करून सांगितलं, की आमच्या फौजेचा पगार आम्हाला आणखी पंधरा-वीस वर्षं तरी झेपणार नाही. भागीदार नालायक निघाला की सोडून जावं असं तुम्हाला-मला वाटतं. महासत्तेला वाटतं, आपण कमी पडलो.

आता धमकी द्यायला शिका. एप्रिल २०१० मध्ये करझाईंनी आधी निवडणुकीतला घोटाळा परदेश्यांनीच केला असं जाहीर केलं, आणि मग खासदारांच्या बैठकीत म्हणाले म्हणे, असाच दबाव राहिला तर मीही तालिबानमध्ये जाईन. मे महिन्यात वॉशिंग्टनमध्ये त्यांच्यासाठी लाल गालिचा अंथरला होता. परराष्ट्रमंत्री हिलरी क्लिंटन त्यांना जॉर्जटाऊनमधल्या एका सुंदर बागेत फिरायला घेऊन गेल्या. बागेत फिरवणं हे अमेरिकी मुत्सद्देगिरीतलं शेवटचं अस्त्र असावं.

सर्वांत महत्त्वाचा धडा मात्र सालेही प्रकरणाचा आहे, तो पाठ करा. मोहम्मद झिया सालेही हे करझाईंच्या राष्ट्रीय सुरक्षा परिषदेतले अधिकारी. 'न्यू अन्सारी' नावाच्या हवाला पेढीतून अब्जावधी डॉलर देशाबाहेर गेल्याचा संशय होता. ती चौकशी दाबायची आणि बदल्यात मुलाला एक मोटार मिळवून द्यायची, असं बोलणं फोनच्या टॅपिंगमध्ये सापडलं. अमेरिकेनेच शिकवून तयार केलेल्या अफगाण पथकाने जुलै २०१० मध्ये पहाटे सालेहींना उचललं. संध्याकाळपर्यंत ते घरी. करझाईंनी सोडवलं, आणि लपवलंही नाही. ही अटक सोव्हिएत जमान्यातल्यासारखी होती, असं अमेरिकी टीव्हीवर ठणकावून सांगितलं.

वॉशिंग्टनमध्ये संतापाची लाट वगैरे उसळली. महिनाभरात 'न्यूयॉर्क टाइम्स'ने छापलं, की सालेहींना कित्येक वर्षं सीआयएकडून पैसे मिळतायत. म्हणजे अमेरिकेच्या पैशाने तयार झालेल्या पोलिसांनी, अमेरिकेच्या उपकरणांनी चोरून ऐकून, अमेरिकेच्याच पगारी माणसाला पकडलं. नोव्हेंबरपर्यंत खटला निकालात निघाला. तेव्हा तुमच्या राजवाड्यात कोणी लाच खात असेल तर त्याला हाकलण्याआधी चौकशी करा, तो कोणाकडून घेतोय. कदाचित तोच तुमचा विमा असेल.

रोकड कशी घ्यावी? पेट्या आणि खोक्यांच्या हिशेबात वाढलेल्या मराठी वाचकाला हे निराळं सांगायला नको, पण काबूलमध्ये पिशवी चालते. इराणच्या राजदूताने करझाईंच्या विमानातच त्यांच्या कार्यालयप्रमुखांच्या हाती युरोच्या गड्ड्यांनी फुगलेली प्लास्टिकची पिशवी ठेवल्याची बातमी ऑक्टोबर २०१० मध्ये आली. एखाद्याने अब्रूनुकसानीचा दावा लावला असता. करझाईंनी पत्रकार परिषद घेऊन सांगितलं, हो, घेतो की, अमेरिकाही देते. अमेरिका खरोखरच देत होती. सीआयएच्या सुटकेस, पाठपिशव्या, प्रसंगी बाजाराच्या पिशव्या दहा वर्षं राजवाड्यात येत होत्या, हे २०१३ मध्ये उघड झालं. त्यावर करझाईंनी आभार मानले आणि काबूलमधल्या सीआयए प्रमुखांना विनंती केली, की हे चालू ठेवा.

याच काळात संयुक्त राष्ट्रांच्या पाहणीत दिसलं, की साध्या अफगाण माणसांनी एका वर्षात अडीच अब्ज डॉलर लाच म्हणून दिले, देशाच्या उत्पन्नाच्या जवळजवळ चौथा हिस्सा. दाखल्याला, पोलिसाला, न्यायाधीशाला. त्यांच्यासाठी पिशवी घेऊन कोणी आलं नाही. काबूल बँकेतून सुमारे ९० कोटी डॉलर गायब झाले, करझाईंचे बंधू त्या बँकेचे भागीदार आणि तो भागही त्याच बँकेच्या कर्जातून घेतलेला, हे सगळं ओघाने आलंच. बंधू सगळ्यांनाच असतात.

तुमची एखादी तक्रार खरी निघाली तर सोन्याहून पिवळं. ऑगस्ट २००८ मध्ये अझीझाबादवर अमेरिकी विमानांनी हल्ला केला. अमेरिकी लष्कर आधी म्हणालं पाच-सात नागरिक गेले, पुढे ३३ म्हणालं. संयुक्त राष्ट्रांचा आकडा ९० होता, त्यात बहुतेक लहान मुलं. करझाई तिथे जाऊन लोकांना भेटले ते काही नाटक नव्हतं. रात्री घरात घुसणाऱ्या सैनिकांबद्दलही ते खरंच बोलत होते, आणि ते ऐकणारं वॉशिंग्टनमध्ये फारसं कोणी नव्हतं. पण गंमत अशी, की अशा एका खऱ्या तक्रारीच्या आडोशाला दहा पिशव्या बसतात. उलट बाजूलाही तेच. तुमच्या पिशव्यांकडे बोट दाखवलं की त्यांना अझीझाबादबद्दल बोलावं लागत नाही. दोघांचंही भागतं, म्हणून तर भांडण इतकी वर्षं टिकतं.

महासत्तेच्या हिशेबाची भीती बाळगू नका, तिचा स्वतःचा हिशेब तुमच्याहून मनोरंजक असतो. जेमतेम दोन टक्के जंगल असलेल्या देशातल्या फौजेला तिने जंगली नक्षीचे गणवेश शिवले, कारण तुमच्या संरक्षणमंत्र्यांना इंटरनेटवर ती नक्षी आवडली. रसदीचे ट्रक सुखरूप पोचावेत म्हणून दोन अब्ज डॉलरच्या कंत्राटातून वाटेतल्या टोळीवाल्यांना पैसे पोचले, आणि त्यातले काही तालिबानलाही मिळत असावेत, हे अमेरिकी संसदेच्या समितीनेच लिहून ठेवलंय. शत्रूलाही तुमचं राज्य टिकण्यात रस असेल तर आणखी काय हवं?

निरोप घेताना मात्र मिजास सोडू नका. २०१३ मध्ये अमेरिकेला सैन्य ठेवण्यासाठी करार हवा होता. करझाईंनी स्वतः लोया जिरगा, म्हणजे देशभरातल्या जाणत्यांची महासभा बोलावली, जिरगा म्हणाली सही करा, करझाई म्हणाले करत नाही. ओबामांच्या राष्ट्रीय सुरक्षा सल्लागार सुसान राइस काबूलला येऊन हात हलवत परत गेल्या. सप्टेंबर २०१४ च्या निरोपाच्या भाषणात करझाईंनी भारताचे, चीनचे, जपानचे, इराणचेही आभार मानले. अमेरिकेचे नाही. राजदूतांना ते फार लागलं, तसं ते बोललेही. सही पुढच्या सरकारने शपथविधीच्या दुसऱ्याच दिवशी केली. त्या सरकारचे प्रमुख अश्रफ घनी १५ ऑगस्ट २०२१ ला हेलिकॉप्टरने पळाले.

करझाई पळाले नाहीत. मुलींना शेजारी उभं करून, मी इथेच आहे, असा व्हिडिओ त्यांनी काढला. तीन दिवसांनी तालिबानचा अनस हक्कानी त्यांना भेटला. त्या बैठकीत करझाईंच्या बाजूने आणखी एक गृहस्थ होते, २००९ मध्ये दुसऱ्या फेरीतून माघार घेतलेले अब्दुल्ला अब्दुल्ला.