नावं आधी की नकाशा आधी? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

मुलांना नकाशा कसा शिकवावा यावरच्या माझ्या मागच्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया सावकाश, दोनदा वाचली. तुमचे आक्षेप तीन. पहिला, वर्गाचा नकाशा काढण्यात मी मुलांचे तीन आठवडे घालवते आणि आठ वर्षांच्या मुलाला सात खंडांची नावं येत नाहीत. पाठांतराचं सोनं करायचं वय खेळण्यात जातं. दुसरा, 'सूर्य उगवतो ती पूर्व' हे मी लिहिलेलं वाक्य चुकीचं आहे. आणि तिसरा, हातात फोन असताना नकाशा काढायला शिकायचंच कशाला?

दुसऱ्या आक्षेपापासून सुरुवात करते, कारण तिथे तुमचं बरोबर आहे. सूर्य नेमका पूर्वेला उगवतो तो वर्षातून दोनदाच, २१ मार्च आणि २३ सप्टेंबरच्या आसपास. एरवी तो उत्तरेला किंवा दक्षिणेला सरकलेला असतो, आणि विषुववृत्तापासून जितकं लांब जावं तितकी ही तफावत वाढते. ते वाक्य मी घाईत लिहिलं, आता दुरुस्त केलं आहे. वर्गाबरोबर मी दिशा शोधते ती काठीने. सपाट जमिनीत काठी सरळ उभी रोवायची आणि तिच्याभोवती दोरीने वर्तुळ आखायचं. सकाळची लांब सावली आखडत आखडत ज्या जागी वर्तुळाला टेकते तिथे एक खडा ठेवायचा. दुपारनंतर ती वाढत वाढत पुन्हा टेकते तिथे दुसरा. दोन खडे जोडणारी रेघ म्हणजे पूर्व-पश्चिम, सकाळचा खडा पश्चिमेचा. आपल्या जुन्या ज्योतिषग्रंथांत शंकू, म्हणजे अशीच काठी, रोवून हीच रीत सांगितली आहे. एका मुलाने सावलीच्या टोकावर बोट टेकवून ठेवलं होतं. थोड्या वेळाने सावली बोट सोडून पुढे गेली, तेव्हा तो जो ओरडला, तो आवाज मला अजून ऐकू येतो. त्या मुलाला दिशा पुन्हा शिकवावी लागली नाही.

आता मुख्य वादाकडे येते. माझ्या वर्गात एक मुलगी होती, नावं तोंडपाठ असलेली. नाईल म्हटलं की आफ्रिका, भूमध्य समुद्र, सगळं धडाधड सांगायची. मी तिला भिंतीवरच्या नकाशात नाईल कुठून कुठे वाहते ते बोटाने दाखवायला सांगितलं. तिने बोट भूमध्य समुद्रावर ठेवलं आणि सरळ खाली दक्षिणेकडे ओढलं. म्हणाली, "बाई, पाणी खालीच जातं ना?" तिचा तर्क चोख होता. फसवलं होतं ते भिंतीने. टांगलेल्या नकाशात उत्तर छताकडे असते, त्यामुळे मुलांच्या मनात 'उत्तर म्हणजे वर' आणि 'वर म्हणजे उंच' असं घट्ट बसतं. आम्ही नकाशा उतरवून जमिनीवर अंथरला, काठीने सापडलेल्या उत्तरेशी त्याची उत्तर जुळवली. दक्षिणेकडचं ज्यातून नाईल निघते ते व्हिक्टोरिया सरोवर समुद्रसपाटीपासून सुमारे १,१०० मीटर उंच आहे हे सांगितलं, आणि त्या जागी पुस्तकांची चळत रचली. तिने चळतीवरून बोट उत्तरेला घसरवत नेलं आणि मान वर न करता म्हणाली, "म्हणजे कागदावरचं वर वेगळं." हे वाक्य तिने स्वतः मिळवलं. मी शंभरदा सांगून ते तिचं झालं नसतं.

वर्गाच्या नकाशाला तीन आठवडे लागतात ते याचसाठी. पहिल्या दिवशी टेबल काढा म्हटलं की मुलं चारही पाय फाकवून काढतात. वरून बघितलं तर पाय दिसत नाहीत, हे पटायला वेळ लागतो. काड्यापेटी कागदावर ठेवून तिच्या कडेने पेन्सिल फिरवली, पेटी उचलली, की मागे उरतो तो तिचा नकाशा. मग पावलांनी खोली मोजायची. एकाची १४ पावलं भरतात, दुसरीची ११, आणि वर्गात कडाक्याचं भांडण होतं. त्या भांडणातून प्रमाण शिकवणं फार सोपं जातं, कारण सगळ्यांसाठी एकच माप हवं ही मागणी मुलंच करतात. चिन्हं आणि सूची मग दोन दिवसांत उरकतात.

नुसत्या शब्दांवर माझा भरवसा का नाही, तेही सांगते. १९९२ साली स्टेला वोस्नियाडू आणि विल्यम ब्रूअर या संशोधकांनी अमेरिकेतल्या प्राथमिक शाळांतल्या ६० मुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला. पृथ्वी गोल आहे, हे मुलं म्हणत होती. पण खोलात विचारल्यावर काहींच्या मते पृथ्वी पोकळ चेंडूसारखी होती आणि माणसं तिच्या आत सपाट जमिनीवर राहत होती. काहींच्या मनात दोन पृथ्व्या होत्या, आपण राहतो ती सपाट आणि आकाशातली गोल. परीक्षेत ही सगळी मुलं 'गोल' लिहून गुण मिळवतील.

तरीही एक गोष्ट मान्य करते. मागच्या लेखात मी लिहिलं होतं, की नावं आपोआप येतात. तसं होत नाही. नावांना उजळणी लागते, आणि या वयात ती आनंदाने होते. मी ती घेतेच, पण पृथ्वीगोल हातात देऊन. मर्केटर या नकाशाकाराने १५६९ साली आखलेली सपाट नकाशाची पद्धत खलाशांना दिशा धरायला उत्तम होती, पण तिच्यात ध्रुवांजवळचे प्रदेश अवाढव्य फुगतात. ग्रीनलंड आफ्रिकेएवढं दिसतं. प्रत्यक्षात आफ्रिका त्याच्या सुमारे १४ पट आहे. पहिली ओळख अशा चित्रावरून झाली तर ते चित्र पुसताना पुढे फार जड जातं. तेव्हा नावं शिकवण्याला माझा विरोध नाही, वाद क्रमाचा आहे.

फोनबद्दल थोडक्यात. फोन आपण कुठे आहोत ते सांगतो आणि हवा तर नकाशाही स्वतःच फिरवून देतो. ते फिरवणं मुलाच्या डोक्यात व्हायला हवं.

'मग याची परीक्षा कशी घेणार?' असं तुम्ही शेवटी विचारलंत. मी मैदानात एक वस्तू लपवते आणि एका मुलाने काढलेला मैदानाचा नकाशा दुसऱ्याच्या हातात देते, मुद्दाम वरची बाजू खाली करून. मग गप्प उभी राहते. काही मुलं कागद तसाच धरून धावत सुटतात. काही थांबतात, झाड बघतात, फाटक बघतात आणि कागद हळूच फिरवून घेतात. जी फिरवतात त्यांना दुसऱ्या दिवशी पृथ्वीगोल मिळतो आणि खंडांची नावं सुरू होतात. जी धावली त्यांच्याबरोबर मी पुन्हा काठीपाशी जाते.